अण्णांची मर्सिडीज

माझे आजोबा मर्सिडीज चालवायचे.

हे वाक्य मी आजवर तीन ऑफिसांत, दोन डेट्सवर आणि एका जॉब इंटरव्ह्यूमध्ये वापरलंय. रिझल्ट शंभर टक्के! समोरच्याच्या भुवया वर जातात, आवाजात एकदम रिस्पेक्ट येतो, 'अरे वा, कुठलं मॉडेल?' वगैरे सुरू होतं. मग मी कॉफीचा एक घोट घेऊन सावकाश सांगते, की मॉडेलचं माहीत नाही, पण चाकं सहा होती, मागे गुळाच्या ढेपा होत्या आणि सीटच्या पाठीमागे रॉकेलचा स्टोव्ह.

यात खोटं काहीच नाही हं. १९५४ मध्ये टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक तयार व्हायला लागले. करार पंधरा वर्षांचा. तेवढी वर्षं आपल्या हायवेंवरच्या ट्रकच्या नाकावर तोच तो तीन टोकांचा तारा होता, जो आज कोरेगाव पार्कात पार्किंग शोधत गोल गोल फिरताना दिसतो. १९६९ला करार संपला, तारा गेला, त्याच्या जागी 'टी' आला. अण्णांनी मात्र हा बदल कधी मान्य केला नाही. ते शेवटपर्यंत मर्सिडीजच म्हणायचे.

अण्णा २०२४च्या ऑगस्टमध्ये गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. झोपेत गेले. आजी म्हणाली, "जन्मभर झोपेशी भांडले, शेवटी तिनंच नेलं."

या पानावर मी एरवी रूममेट, बॉस आणि ब्रेकअप याबद्दल लिहिते, तुम्हाला माहीतच आहे. आज जरा हायवेला लागू या. एसी लावता येणार नाही, सॉरी.

अण्णा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. पाऊस पडला तर बातमी, असा तो भाग. चौथीनंतर शाळा सुटली आणि १९५६ साली, सोळाव्या वर्षी, ते पुण्यात भवानी पेठेत एका ट्रकवर किन्नर म्हणून लागले. किन्नर म्हणजे क्लीनर. हायवेवर हा शब्द असाच बोलतात. किन्नरचं काम काय? तर ड्रायव्हर जे करत नाही ते सगळं! गाडी धुणं, ताडपत्री बांधणं, स्टोव्हवर भात लावणं, पंक्चर काढायला जॅक लावणं, रिव्हर्स घेताना मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडणं. आणि प्रत्येक मुक्कामाला खाली उतरून टॉमीनं टायर ठोकणं. टॉमी म्हणजे चाकाचे नट खोलायच्या पान्याचा लोखंडी दांडा. टायरमधून टणक आवाज आला तर हवा आहे, भद्द आला तर गेली. दोन टायर जोडीनं असतात ना मागे, त्यातला आतला बसला तर दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

आमच्या कंपनीतल्या ट्रेनीला सहा महिन्यांत प्रमोशन मिळालं नाही तर तो लिंक्डइनवर प्रोफाइल अपडेट करतो. अण्णा सहा वर्षं टायर ठोकत होते. स्टिअरिंगला हात लागायचा तो ड्रायव्हरला डुलकी आली की, रात्री, रिकाम्या रस्त्यावर. १९६२ला हेवी लायसन मिळालं, तेव्हा म्हणे त्यांनी पेढे वाटले नाहीत, डिझेलच्या टाकीवर नारळ फोडला. उस्ताद खवळला कारण टाकीला पोचा पडला.

आता त्या गाडीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय अण्णा कळणार नाहीत. पॉवर स्टिअरिंग हा प्रकार नव्हता. भरलेली गाडी घाटातल्या वळणावर वळवायची म्हणजे सीटवरून अर्धं उठून, खांद्यानं चाक ओढायचं. गियर टाकायला दोनदा क्लच. एकदा न्यूट्रलला आणायला, मग जरा ॲक्सिलरेटर, मग परत क्लच आणि गियर. टायमिंग चुकलं की गियरबॉक्स किंचाळणार आणि ढाब्यावरचे चाळीस ड्रायव्हर वळून बघणार! इंजिन केबिनला लागूनच, त्यामुळे मे महिन्यात विदर्भात डावा पाय भाजायचा. अण्णांच्या डाव्या पोटरीवरचे केस कधी आलेच नाहीत परत.

(१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. आपल्या ऑफिसात एसी दोन डिग्री वर गेला तर ॲडमिनला मेल जातो. ट्रकच्या केबिनला तो पोहोचायला २०२५ उजाडलं.)

आणि केबिन तरी होती, असं अण्णा म्हणायचे. कारण त्यांनी 'चासी'सुद्धा आणलीय. कंपनीतून बाहेर पडायची ती नुसती चासी, म्हणजे इंजिन, चाकं, सांगाडा आणि स्टिअरिंग. दार नाही, छप्पर नाही, काच नाही. केबिन आणि हौदा नंतर बॉडीवाल्याकडे बांधायचा. अशी ती नागडी गाडी जमशेदपूरहून पुण्यापर्यंत चालवत आणायची! सीट म्हणून फळी, डोक्याला मफलर, डोळ्यांवर गॉगल. पाऊस लागला तर पाऊस. आपण लेह-लडाखच्या बाइक ट्रिपचे फोटो टाकून 'बॉर्न टू राइड' लिहितो... जाऊ दे.

अण्णा फार बोलायचे नाहीत. ड्रायव्हर लोकांबद्दल आपल्या डोक्यात जी इमेज आहे, दारू, शिव्या, कर्कश गाणी, त्यातलं त्यांच्याकडे फक्त कर्कश गाणी होती. बाकी शिस्त विचित्र. 'ज्या गियरवर घाट चढशील, त्याच गियरवर उतर' हा त्यांचा पहिला आणि शेवटचा नियम. का, तर उतारावर भरलेली गाडी इंजिननं धरायची असते. सारखा ब्रेक दाबला तर ड्रम तापतात आणि ऐन वळणावर पाय दाबूनही गाडी थांबत नाही. पण मालक प्रत्येक ट्रिपला डिझेलचे ठरावीक पैसे द्यायचा आणि वाचलं ते ड्रायव्हरचं. त्यामुळे चार पैसे वाचवायला कित्येक जण उतारावर सरळ न्यूट्रल मारायचे. बोर घाटात, खंबाटकीत, सगळीकडे. घाटाच्या खाली दरीत पडलेले सांगाडे बघितलेत ना तुम्ही? त्यातले किती या डिझेलच्या हिशोबात गेले असतील, कोण जाणे. अण्णांनी न्यूट्रल कधी मारलं नाही. त्यांचं ॲव्हरेज कायम कमी, मालकाची कुरकुर कायम चालू, आणि वरकमाई जवळजवळ शून्य. आजी हे अजूनही अभिमानानं सांगते की तक्रारीनं, हे मला नीट कळलेलं नाही.

बोर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. या धनगरानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, अशी गोष्ट सांगतात. जुन्या हायवेवरून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथं नाणं टाकतो. २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण झाला आणि बाबांनी हौसेनं अण्णांना गाडीत पुढं बसवून मुंबईला नेलं. मी मागे, पाच वर्षांची. अण्णा हातात रुपया धरून बसलेले. बोगदे झाले, घाट उतरला, खोपोली मागे पडली, आणि त्यांनी विचारलं, "शिंग्रोबा कुठंय?" बाबा म्हणाले, "तो जुन्या रस्त्यावर राहिला, अण्णा." पनवेलपर्यंत कोणी बोललं नाही. रुपया शेवटी मला मिळाला.

त्या घाटातला अमृतांजन पूल २०२०च्या एप्रिलमध्ये पाडला, तेव्हाही ते टीव्हीसमोर असेच बसले होते. तेव्हा लॉकडाऊन होता. पण पुलापेक्षा त्यांना दुसरीच काळजी. दिवसातून तीनदा विचारायचे, "ढाबे बंद हायेत, मग ही पोरं जेवत्यात कुठं?"

एक्स्प्रेस-वेवरून आठवलं. आपण शिवनेरीत किंवा कॅबमध्ये बसून 'हे ट्रकवाले मधली लेन अडवतात यार' म्हणतो ना? मीही म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "थांबवून बघ की त्याला. भरलेली गाडी चढावर एकदा मोडली, की परत पहिला गियर, आणि मग घाट संपेपर्यंत पहिलाच." म्हणजे तो बाजूला होत नाही तो माजानं नाही (कधी कधी माजानंही!), त्याच्या मागे पंचवीस टन असतात म्हणून. लेन सोडायला हवी हे खरंच. पण ब्रेक दाबला की आपले पाच सेकंद जातात, त्याची पाऊण तासाची कमाई जाते.

हे सगळं मला माहीत आहे, कारण अण्णांना मी पूर्ण वेळ मिळाले आणि मला अण्णा. मी ९७ची. अण्णांनी २०००मध्ये साठाव्या वर्षी गाडी सोडली. पीएफ नाही, पेन्शन नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, २०२५पर्यंत तो होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, असं त्यात लिहिलं होतं. पण तो लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असले तर, आणि आपल्याकडचे बहुतेक मालक दोन-चार गाड्यांचे. अण्णांना मी एकदा तो कायदा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, "आठ तास? दिवसाला, की एका बाजूला?"

रिटायर होऊन त्यांनी काय केलं? सेकंडहँड लुना घेतली आणि माझा ट्रान्सपोर्ट सुरू केला.

अख्ख्या नाना पेठेत ती लुना फेमस होती. स्पीड वीस. वळायच्या आधी दोनशे फुटांवरून हात बाहेर. समोरून बस आली की दिवसाढवळ्या डिपर. शाळेपाशी थांबलं की खाली उतरून लुनाच्या टायरवर बोटाच्या पेरानं ठक् ठक्. माझ्या मैत्रिणी हसायच्या. मला मात्र ते जगातलं सगळ्यात सेफ वाहन वाटायचं, आणि खरं सांगू? अजूनही वाटतं. पालकसभेला अण्णा, गॅदरिंगला पहिल्या रांगेत अण्णा, स्कॉलरशिपच्या परीक्षेला गेटबाहेर डबा घेऊन अण्णा. मला गोवर झाला तेव्हा सात रात्री उशाशी खुर्ची टाकून बसले होते. आईनं झोपा म्हटलं की म्हणायचे, "मला जागायची सवय हाय. तू झोप."

आणि गाठ! ताडपत्रीवर रस्सी आवळायची एक गाठ असते. तिला एक फास करून त्यातून दोर ओढायचा, म्हणजे अंगातल्या ताकदीच्या दुप्पट आवळली जाते, आणि सोडताना एका झटक्यात सुटते. त्यांनी ती मला तिसरीत शिकवली, खाटेच्या पायावर. दप्तर, पतंगाचा मांजा, गणपतीची आरास, सगळ्याला मी तीच मारायचे. मुंबईत गेल्या तीन वर्षांत मी चार फ्लॅट बदलले (ब्रोकर या विषयावर वेगळा कॉलम होईल). दुसऱ्या शिफ्टिंगला टेम्पोवाल्या काकांनी माझं कपाट बांधलेलं बघितलं, गाठीवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, घरात कोणाची गाडी होती?" मी म्हटलं, आजोबांची. मालक नव्हते, ड्रायव्हर. "मग बरोबर," म्हणाले आणि पन्नास रुपये कमी घेतले. मुंबईत! टेम्पोवाल्यानं!

तर असे माझे अण्णा. तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस सांगत होता, काय देवमाणूस हो, नातीसाठी जीव टाकायचे. मी रडत होते, मान डोलवत होते. बाबा पंगतीत पाणी वाढत होते, गप्प.

रात्री सगळे गेल्यावर बाबा म्हणाले, "तुला जे अण्णा मिळाले ना, ते मला कधी भेटलेच नाहीत."

रागानं नाही म्हणाले. पावती फाडताना क्लार्क बोलतो तसं, सरळ. (ते बँकेतच होते, आता रिटायर्ड.)

मग जे बाहेर आलं ते मी सत्तावीस वर्षांत ऐकलेलं नव्हतं. अण्णा महिन्यातले बावीस-पंचवीस दिवस बाहेर. फोन नाही. आजी दर दोन दिवसांनी भवानी पेठेतल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जायची, गाडी कुठंय विचारायला. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरनं ढाब्यावर निरोप दिलेला असायचा, 'नागपूरच्या पुढं पाटा तुटलाय, चार दिवस लागतील.' तेवढ्यावर घर चालायचं. बाबा जन्मले तेव्हा अण्णा बंगलोर लाइनला. धाकटी आत्या जन्मली तेव्हा मुंबईच्या जकात नाक्यावर, दोन रात्री रांगेत. घरी अण्णा यायचे नाहीत, वस्तू यायच्या. बेळगावचा कुंदा, नागपूरची संत्री, कोल्हापूरचा गूळ, जळगावची केळी. बाबा म्हणाले, "मला भारताचा नकाशा भूगोलात नाही, खाण्यात पाठ झाला. आमच्याकडं वडील नव्हते, कुंदा होता."

आणि ट्रकवरची नावं. तुम्ही बघितली असतील, काचेच्या वर रंगवलेली. अण्णांच्या गाडीवर मालकाच्या मुलाचं आणि मुलीचं नाव होतं, मधे कमळ. बाबा पहिलीत असताना अण्णा एकदा गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले. बाबा धावत गेले, अक्षरं जुळवून जुळवून वाचलं. दुसऱ्याच कोणाचं नाव. त्यांनी अण्णांना विचारलं, माझं कुठंय? अण्णा म्हणाले, गाडी मालकाची आहे रे. बस, एवढंच. पन्नास वर्षांपूर्वीचं. बाबांना त्या अक्षरांचा रंगसुद्धा आठवत होता. पिवळा, कडेनं लाल.

आणि १९८२, दहावीची परीक्षा. अण्णा आसामच्या ट्रिपवर, अठ्ठावीस दिवस. बाबा म्हणाले, "तुझ्या दहावीला ते रोज तीन तास गेटवर उभे होते. मी ऑफिसला जाताना समोरच्या फुटपाथवरून बघायचो."

आजी मधे पडली. "घरी बसले असते तर फी कुणी भरली असती तुझी?"

"फी भरली. मी कुठं नाही म्हणतोय?"

मी काही बोलले नाही. कोणाच्या बाजूनं बोलणार? माझ्याकडचे अण्णा खरे आणि बाबांकडचे रिकामे दिवसही खरे. एक मात्र डोक्यात बसलं, की माझ्या वाट्याला आलेला तो सगळा वेळ आधी कोणाचा तरी होता.

अण्णांनी तरी कधी काही सांगितलं होतं का? एकदा. २०२४च्या जानेवारीत ट्रकवाल्यांचा संप झाला, आठवतोय? पंपांवर पेट्रोल संपेल म्हणून आपण सगळे बाइक घेऊन रात्री रांगा लावत होतो. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून गेलेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती, त्याविरुद्ध तो संप. (१ जुलै २०२४ला संहिता लागू झाली, पण ते कलम तेव्हा बाजूला ठेवलं.) मी तावातावानं म्हटलं, पळून जायचंच कशाला? अण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांच्या डाव्या भुवईवर एक खोक होती. लहानपणापासून मला सांगितलेलं, बॉनेट डोक्यात पडलं. त्या दिवशी म्हणाले, "बॉनेट न्हवतं ते. फलटणच्या अलीकडं एक सायकलवाला आला आडवा, रात्रीचा, बिनदिव्याचा. मी थांबलो. त्याला उचलत होतो, तवर मागनं लोक आले." किन्नर उसात पळाला. सायकलवाल्याचा पाय मोडला होता, तो वाचला. अण्णांना टाके पडले. "पळू नये हे बरोबरच हाय. पण जो थांबतो त्याला काय मिळतं, हेबी लिवा की कायद्यात."

बाबा तेव्हा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनाही ही गोष्ट पहिल्यांदाच कळली. बॉनेट त्यांनाही सांगितलेलं होतं.

अशीच आणखी एक, ७२च्या दुष्काळातली. अण्णा मुंबईहून मिलोची पोती भरून सातारकडे न्यायचे. मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, तेव्हाच्या लोकांच्या जिभेवर अजून आहे तिची चव, आणि कोणीही चांगलं बोलत नाही. एकदा माण तालुक्यातच गाडी लागली. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या, त्यात त्यांची आई. अण्णांनी गाडी थांबवली नाही. थांबली असती तर माणसं पोत्यांना हात घालतील आणि माल कमी भरला तर आपल्यावर येईल, ही भीती. त्यांनी फक्त हॉर्न वाजवला. पणजीनं वर बघितलं की नाही, ते त्यांना आरशात दिसलं नाही. हे मला आजीनं सांगितलं. अण्णांनी तिला सांगितलं होतं, लग्नाला वीस वर्षं झाल्यावर.

खाटेखाली त्यांची पत्र्याची पेटी होती. मालकानं दिलेली. महिन्याभरानं बाबांनी उघडली. आत लायसन, एक गॉगल, टॉमी (हो, चोरलेली असणार!) आणि वह्या. १९६८ पासून, वर्षाला एक. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर, पण ओळी सरळ. मी लगेच एक्साइट झाले. वाटलं, डायरी! आता अण्णांचं मन वगैरे कळणार. डोक्यात कॉलमचं हेडिंगसुद्धा तयार झालं.

आत नुसते हिशोब. डिझेल. पंक्चर. हवा. हमाली. वाराई. किन्नर जेवण. चहा २. एका ठिकाणी 'साहेब ५', त्याच्या खाली 'मोठे साहेब १०'. मनीऑर्डर. कुंदा अर्धा किलो. पुढच्या पानावर परत डिझेल, परत हवा. एक शब्द घराबद्दल नाही, एक वाक्य आठवण येते वगैरे नाही. मी दोन वह्या चाळल्या आणि ठेवून दिल्या.

बाबांनी मात्र नाही ठेवल्या. आयुष्यभर लेजर तपासलेला माणूस, त्यांना बेरीज दिसली की राहवत नाही. रोज रात्री जेवण झालं की चष्मा लावून टेबलाशी बसतात. प्रत्येक पानाची बेरीज परत करतात, बरोबर असेल तर पेन्सिलनं बारीक टिक मारतात. मागच्या शनिवारी मी पुण्यात होते, तर आतून हाक मारली.

"हे बघ. इथं हातचा विसरलेत. मालकाला सतरा रुपये जास्त गेलेत अण्णांचे."

"कधीचं?"

"सत्त्याहत्तर. फेब्रुवारी."

"मग आता काय करणार?"

"काय करणार," म्हणाले. पण कडेला तारीख घालून नोंद केली, सतरा रुपये येणे.

सध्या ते १९७८च्या दिवाळीपर्यंत आलेत. दिवाळीत गाडी वर्ध्याला होती. ब्याऐंशीची वही अजून पेटीतच आहे, खालून चौथी. आजीनं त्यांना सरळ विचारलं, ती आधी काढून बघत का नाहीस? बाबा म्हणाले, मधली पानं सोडून पुढची बेरीज लागत नाही.